मायनर विषय : मराठी

माझी लेक इथे इंडियानात, नोत्र दाम विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकते आणि मायनर म्हणून तिने आयरिश भाषा-साहित्य घेतलं आहे. आपल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला ही बातमी फुटली आणि दूध आटायच्या आत सगळ्यांचे प्रश्न विचारून झाले. उपयोग काय, हा पहिला. कोणी आयरिश मुलगा आहे का, हा दुसरा, आवाज जरा उतरवून विचारलेला. आणि मग एका काकांनी विचारलं, ‘‘घ्यायचीच होती भाषा, तर मराठी का नाही घेतली?’’ पहिले दोन प्रश्न मी हसून टोलवले. तिसऱ्याचं उत्तर एका ओळीचं आहे: तिथे मराठी शिकायची सोयच नाही. पण ती का नाही आणि कुठे कुठे नाही, हे सांगायला मला हा लेख लागतो आहे.

आधी आयरिशचं पाहू. नोत्र दाम 1842 मध्ये स्थापन केलं ते एदुआर सोरँ या फ्रेंच पाद्र्याने. विद्यापीठाचं नाव फ्रेंच, फुटबॉल संघाचं टोपणनाव मात्र ‘फायटिंग आयरिश’. सामन्याच्या दिवशी गावभर हिरवा रंग, हिरव्या टोप्या. आपल्या पाडव्याच्या शोभायात्रेतल्या फेट्यांसारखंच ते. पण टोप्यांमधून भाषेचा विभाग निघत नाही. त्याला पैसा लागतो, आणि तो कुणीतरी शिक्षकाच्या पगारासाठी म्हणून द्यावा लागतो. डोनाल्ड किओ हे कोकाकोलाचे अध्यक्ष होते. आयोवातल्या शेतकरी घरातले, आयर्लंडहून आलेल्यांच्या पुढच्या पिढ्यांपैकी. त्यांनी देणगी दिली आणि 1993 मध्ये आयरिश अभ्यासाची संस्था उभी राहिली. डेरीचे कवी-समीक्षक शेमस डीन किओंच्या नावाच्या अध्यासनावर आले. 2004 मध्ये आयरिश भाषा आणि साहित्याचा स्वतंत्र विभाग झाला. त्याआधी, 1940 मध्ये, हार्वर्डने केल्टिक भाषांचा विभाग काढलेला होताच. आज नोत्र दामचा विद्यार्थी परकीय भाषेची अट आयरिश शिकून पुरी करू शकतो. माझ्या लेकीने सुरुवात केली ती याच अटीसाठी. स्पॅनिशचा वर्ग भरलेला होता, इतकं साधं कारण. अट संपली आणि तिचा रस राहिला. गेल्या उन्हाळ्यात ती आयर्लंडमध्ये कॉनेमाऱ्यात एका आयरिश बोलणाऱ्या कुटुंबाकडे राहून आली आणि आता जेवताना आम्हाला तिथल्या बोलीतले हेल ऐकवते.

आता माझ्याकडे येते. मी निंबोल्याची. बुऱ्हाणपूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं की असीरगडच्या अलीकडे आमचं गाव. आजूबाजूला केळी आणि कापूस. घरात खानदेशीकडे झुकलेली मराठी, शाळेत हिंदी, बुऱ्हाणपूरच्या बाजारात हिंदीइतकीच उर्दू, आणि सातपुड्यातून खाली उतरणाऱ्यांच्या तोंडी कोरकू. उदगीरच्या लढाईनंतर 1760 मध्ये असीरगड आणि बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. मराठी माणसं त्याच्याही आधीपासून तापीच्या दोन्ही काठांना होती. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड मध्य प्रदेशात राहिला. रावेर, मुक्ताईनगर तिकडे, आम्ही इकडे. सोयरिका त्यानंतरही रावेरलाच होत राहिल्या, मुक्ताबाईच्या यात्रेलाही आमचे लोक जातच राहिले. फक्त मराठी पाटी-पुस्तकातून उतरली आणि चुलीपाशी बसली. 2011 च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे बारा लाखांहून अधिक होते. त्यातल्या किती जणांना मराठीत पत्र लिहिता येतं, हे कुणी मोजत नाही.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. भारतातल्या भाषांची पाहणी केली ती जॉर्ज ग्रिअर्सन यांनी. जन्माने डब्लिनचे, शिकले तिथल्या ट्रिनिटी कॉलेजात. त्यांच्या पाहणीत मराठीला सातवा खंड मिळाला आणि खानदेशीला मराठीबाहेर काढून नवव्या खंडात भिल्ली बोलींबरोबर बसवलं गेलं. जनगणनाही खानदेशी वेगळीच मोजते. म्हणजे माझी आई घरात जे बोलायची ते मराठी की आणखी काही, याचा निवाडा एका आयरिश माणसाच्या देखरेखीखाली झाला. आईला ते कळलं असतं तर तिने त्याला मांडे वाढून विचारलं असतं, ‘‘खाताना कोन्ती भाषा लागते रे भाऊ?’’

सांगायचा मुद्दा असा. इंडियानात वाढलेलं आपलं मूल आणि निंबोल्यात वाढलेलं मूल यांच्यात मला फार फरक दिसत नाही. दोघांची मराठी घरातली. दोघांची शाळा दुसऱ्या भाषेत. दोघांच्या राज्याची राजभाषा मराठी नाही. पुण्यातल्या मुलाला मराठी टाळायची म्हटलं तरी जमत नाही. आता तर 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत ती सक्तीची आहे. आपण मात्र परदेशातल्या मराठीचा विचार करताना नमुना म्हणून कायम पुण्याकडे पाहतो आणि मग मुलं तितकी चांगली बोलत नाहीत म्हणून खंतावतो. बघायचं तर बुऱ्हाणपूर, बडोदा, हैदराबाद, बनारसकडे बघावं. महाराष्ट्राबाहेरची मराठी कुठे टिकली, कशाने टिकली? बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात मराठी विभाग आहे, उस्मानियात आहे, बनारस हिंदू विद्यापीठात आहे. तिथे मराठीला गुण मिळतात, परीक्षा असते, पगार घेणारा प्राध्यापक असतो.

आपल्या रविवारच्या शाळा मी कमी लेखत नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांनी पुण्याच्या भारती विद्यापीठाशी जोडून परीक्षा सुरू केल्या, हे मोठं काम झालं. पण त्या शाळेतून मूल चौदाव्या-पंधराव्या वर्षी बाहेर पडतं. ज्या वयात ते प्रश्न विचारायला लागतं, नेमक्या त्याच वयात आपण त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतो. अठराव्या वर्षी त्याला पु. ल. नको असतात. त्याला विचारायचं असतं की आपल्या घरात अमुक आडनावाच्या माणसांकडे जेवायला का जात नाहीत. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला दलित आत्मकथनं लागतात, फुले लागतात, चोखामेळा लागतो, आणि ते समोर बसून वाचून घेणारा माणूस लागतो. गणेशोत्सवाच्या स्टेजवर हे होत नाही. घरात तर अजिबातच होत नाही.

म्हणून मायनर. काही जण म्हणतील, मायनर म्हणजे दुय्यम, मराठीला दुय्यम जागा का मागायची? मला ती जागा अगदी योग्य वाटते. आपली मुलं मेजर मराठी घेणार नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्यांनी घ्यावी अशी आपलीही इच्छा नसते (खोटं बोलू नका). इंजिनिअरिंग, वैद्यकीय, वाणिज्य करता करता जे काही शिकायचं ते कडेच्या जागेतच बसणार. कडेला असलं तरी ते गुणपत्रिकेवर छापून येतं, त्याचे क्रेडिट मिळतात, आणि क्रेडिट मिळतात म्हणून मूल मंगळवारी सकाळी नऊला वर्गात हजर असतं. हौसेने शिकणारी मुलं मंगळवारी सकाळी नऊला हजर नसतात.

आयर्लंडमध्ये सक्तीचं काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. स्वतंत्र झाल्यापासून शंभर वर्षं शाळेत आयरिश आहे. 1937 च्या राज्यघटनेत ती पहिली अधिकृत भाषा आहे. 2022 च्या जनगणनेत 18 लाखांवर लोकांनी आपल्याला आयरिश येते असं सांगितलं. शिक्षणाबाहेर ती रोज बोलणारे निघाले सुमारे 72 हजार. याउलट इंडियानात ती शिकणाऱ्यांवर कुणाचीही सक्ती नाही. लेकीच्या वर्गात एक व्हिएतनामी मुलगा आहे, एक टेक्ससची मुलगी आहे. दोघांच्या सात पिढ्यांत आयर्लंड नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मराठीचा वर्ग निघाला तर तो फक्त जोशी-पाटलांच्या मुलांचा असू नये. मोकाशींची ‘पालखी’ इंग्रजीत नेली ती फिलिप एंगब्लॉम यांनी, आणि शिकागो विद्यापीठात वर्षानुवर्षं मराठी शिकवली तीही त्यांनीच. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणच्या बोलण्यातले जातिवर्गाप्रमाणे बदलणारे भेद अभ्यासले आणि फलटणच्याच झाल्या. ज्यांच्या घरी मराठी नव्हती अशा माणसांनी आपल्या भाषेसाठी काय केलं, याची यादी आपल्या देणगीदारांच्या यादीपेक्षा मोठी भरेल.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. दोन-तीन वर्षांच्या मायनरने कुणी अस्खलित होत नाही. माझी लेकही होणार नाही. पण तिला आता जुनी आयरिश कविता शब्दकोश घेऊन वाचता येते. मराठीत तिला वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचता येत नाही. आईची भाषा तिला बोलता येते आणि परकी भाषा वाचता येते, असा उलटा प्रकार आमच्या घरात झाला आहे. वाचणारी माणसं तयार झाली तरी मला पुष्कळ आहे.

आता निंबोल्याकडे परत. मध्य प्रदेशाने नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे 2021-22 पासून पदवीला मेजर, मायनर आणि इलेक्टिव्ह अशी रचना लागू केली. महाराष्ट्राच्याही आधी. म्हणजे निंबोल्याची मुलगी बुऱ्हाणपुरात बी.एस्सी. करताना कागदोपत्री भाषेचा विषय बाजूला घेऊ शकते. मी शिकत होते तेव्हा असा खाना फॉर्मवर नव्हताच. पण खाना असला तरी महाविद्यालयात शिक्षक असेल तोच विषय त्यात भरता येतो, आणि शिक्षकाचं पद मंजूर व्हायला मागणी दिसावी लागते, मागणी दिसायला विषय आधी असावा लागतो. हे चक्र तोडायचा एक रस्ता तिथल्या सरकारी महाविद्यालयांत आहे: जनभागीदारी समिती. स्थानिक लोकांच्या सहभागातून आणि निधीतून ती वर्ग सुरू करू शकते, शिक्षकाला मानधन देऊ शकते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कुसुमाग्रजांच्या नावाचं मराठी केंद्र 2025 मध्ये सुरू झालं, त्यामागे महाराष्ट्र शासन उभं राहिलं. चांगलं झालं. पण दिल्लीला मराठी नेण्याइतकंच, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून जिथे ती आधीच बोलली जाते तिथे तिला वर्ग मिळवून देणं गरजेचं आहे. आणि त्यासाठी शासनाची वाट पाहायची गरज नाही.

अमेरिकन विद्यापीठात एका व्याख्यात्याची कायम सोय करायला लागणारी रक्कम आपल्या मंडळाच्या आवाक्यात नाही. ती दहा मंडळांनी मिळून गोळा करावी लागेल, आणि आपल्यातून एखादा किओ निघाला तर उत्तमच. बुऱ्हाणपुरात एका शिक्षकाचं वर्षाचं मानधन मात्र आपल्या एका नाट्यप्रयोगाच्या खर्चात बसतं. अडचण पैशाची कमी आणि नियमांची जास्त आहे. आपल्यातले जे अमेरिकन नागरिक झालेत त्यांची देणगी भारतात विदेशी अंशदान धरली जाते आणि ती घेणाऱ्या संस्थेला केंद्राची नोंदणी लागते. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांच्या स्वतःच्या बचतीला ही अट नाही. तेव्हा पहिली तीन वर्षं पासपोर्टवाल्यांनी उचलावीत, आणि नागरिक झालेल्यांनी इथल्या विद्यापीठाकडे मराठीच्या वर्गाची मागणी लावून धरावी. दोन्हीकडची मुलं एकमेकांना उन्हाळ्यात भेटली तर आणखी चांगलं. आमच्या मुलांना कॉनेमारासारखं एखादं गाव हवंच असेल तर त्यांनी असीरगडच्या पायथ्याशी जावं. तिथे मराठी बोलण्यासाठी रोज थोडा प्रयत्न करावा लागतो, हे त्यांना ओळखीचं वाटेल.

डिसेंबरच्या वार्षिक सभेसाठी मी हीच योजना ठराव म्हणून लिहून कार्यकारिणीकडे पाठवली आहे. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक अजून कुणी मिळालेला नाही. कोजागिरीला तिसरा प्रश्न विचारणाऱ्या काकांनी त्याचा विचार करावा.