जंताचे औषध आणि तीन महिन्यांची तारीख

शेळीपालनाचा सल्ला मागा, एक वाक्य हमखास कानावर पडते: दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला जंताचे औषध पाजा. लक्षात ठेवायला सोपे, हे मान्य. पण शेळीच्या चौथ्या पोटात रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस या जंताला तारखा कळत नाहीत. त्याची एक मादी दिवसाला ५,००० अंडी घालू शकते. उबदार ओलीत आठवडाभरात लेंडीतून अळ्या गवतावर चढतात. पोटात गेल्या की साधारण तीन आठवड्यांत त्यांचीही अंडी सुरू. जुलै-ऑगस्टमध्ये तीन महिने थांबणे म्हणजे उशीर, आणि एप्रिलच्या रखरखीत माळावर तेच औषध बहुधा वाया.

‘सगळ्यांना पाजले तर कुणी सुटत तरी नाही,’ असे म्हणतात. खरे नुकसान इथेच होते. जंतांचा बहुतेक भार कळपातल्या थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतो. बाकीच्यांनाही सरसकट पाजले की औषधाला न जुमानणारे जंत तेवढे मागे राहतात आणि पुढची वीण त्यांचीच. थायाबेंडाझोल हे जंताचे औषध १९६१ साली आले. १९६४ मध्येच अमेरिकेत हिमॉन्कस त्याला दाद देईनासा झाल्याची नोंद आहे. त्यात आपण वजन नजरेने ठरवणार आणि मेंढीची मात्रा शेळीला देणार! शेळीचे शरीर जंतांची बरीच औषधे मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते. अपुरी मात्रा म्हणजे जंतांची तालीमच.

तारखेऐवजी बघायचे ते शेळीचे तोंड कुठे जाते. ती मुळात बोरी-बाभळीचा पाला मान वर करून ओरबाडणारी; अळ्या असतात जमिनीलगतच्या दोन-तीन बोटे गवतात. झुडपे तोडलेल्या गायरानात, दाटीवाटीने, दवात चारले की धोका आपणच ओढवून घेतो. नुकत्या व्यालेल्या शेळ्यांच्या लेंडीतून अंडी जास्त पडतात, आणि करडे तिथेच तोंड घालतात. डबक्याकाठी गोगलगायींमुळे यकृतातल्या पर्णकृमीची भर. बंदिस्त गोठाही निर्धास्त नव्हे: गव्हाणीत लेंड्या आणि खाली ओल असेल, तर कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवीमुळे करडे हगवणीला लागतात. नेहमीचे जंताचे औषध त्यावर चालत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या फमाचा तक्त्यात खालच्या पापणीचा आतला रंग पाच छटांशी ताडतात आणि जिचा फिकट दिसेल तिलाच औषध देतात. ही खूण रक्त पिणाऱ्या जंतापुरतीच; बाकीच्यांसाठी लेंडी तपासावी. ‘एवढ्या पापण्या कोण उलटत बसणार?’ औषध पाजायला प्रत्येक शेळीचे तोंड धरावेच लागते. पापणी तेव्हाच, त्याच हाताने बघून होते.