आधी नावाचं स्पेलिंग बघा

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी उन्हाळ्यात परदेशी शिकायला जाण्याची तयारी बॅगेपासून नव्हे, नावापासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. टीसीवर 'शेख मोहम्मद', आधारवर 'मोहम्मद शेख', मार्कशीटवर नुसतं 'मोहम्मद'. इंग्रजी स्पेलिंग तर तीन तऱ्हेचं. अशाने पासपोर्ट अडतो. तो पहिल्याच वर्षी काढा. जर्मनीचं उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, आपल्या परीक्षा मे-जूनपर्यंत चालतात; तेव्हा लहान मुदतीचा कोर्सच बघा. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमाही लागतो. अम्मीला काळजी हलालची! तुर्की दुकानं तिथं भरपूर आहेत. जुम्म्यानंतर मशिदीत कुणी मुलांचे कागद तपासून दिले, तर किती बरं होईल.