वेबसाइट फुकट मागणाऱ्यांनो, वतन आठवतं का?



परवा आमच्या संस्थेच्या बैठकीत नव्या वेबसाइटचा विषय निघाला. पाच मिनिटांत निकाल लागला. "आपल्या वस्तीतला तो पोरगा वेबसाइटचं काम करतो ना, त्याला सांगा. समाजाचं काम आहे, पैसे कशाला मागेल?" त्याच बैठकीत १४ एप्रिलच्या डीजेचा ॲडव्हान्स, फ्लेक्सवाल्याचं बिल आणि मंडपवाल्याची मागची उधारी मंजूर झाली. समाजाचं काम आहे, बांबू फुकट दे, असं मंडपवाल्याला कुणी म्हणालं नाही.

मी हे बोलून दाखवलं, तर एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "ताई, चळवळीत हिशेब बघायचा नसतो." माझं भांडण याच वाक्याशी आहे.

महार वतन काय होतं हे आपल्या आजोबा-पणजोबांनी अंगावर सोसलंय. काम कोणतं, किती, कधी, काही ठरलेलं नाही. सरकारचा निरोप असो की पाटलाचा सांगावा, हाक आली की निघायचं. घरचा कर्ता नसेल तर दुसऱ्या कुणीतरी राबायला जायचं. बदल्यात तुकडाभर जमीन आणि रयत देईल ते बलुतं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, तेव्हा मागणं काय होतं? कामं कोणती ते नक्की करा, मोबदला वाढवा, बलुत्याऐवजी रोख द्या. म्हणजे हिशेबच! हिशेब मागणं चळवळीच्या विरोधात आहे, हे आपल्याला शिकवलं कुणी?

आता आपल्या पोराची अवस्था बघा. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, "बाळा, तेवढा बॅनरवरचा फोटो बदल." दुसऱ्या दिवशी सचिवांना रंग आवडत नाही, तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोटो मोठा हवा असतो. काम कधी संपणार ते ठरलेलं नाही आणि मोबदला म्हणजे "बघू". नाही म्हणाला तर चार पैसे दिसले आणि समाज विसरला! वतनाची क्रूरता आणि हे एकच आहे असं मी म्हणत नाही. पण न ठरवलेलं काम आणि न ठरवलेली मजुरी, हा सांगाडा तोच आहे.

बरं, जिथे पैसा आहे तिथे काय होतं? एका मोठ्या स्मारकाच्या समितीने शहरातल्या एजन्सीला साठ हजारांचं काम दिलं. "प्रोफेशनल लोक हवेत" म्हणून. एजन्सीने ते खाली दिलं, खालच्याने आणखी खाली. शेवटी प्रत्यक्ष पानं बनवणारा निघाला आपल्याच वस्तीतला, त्याच्या हातात पडले नऊ हजार. मला हे त्यानेच चहा पिताना सांगितलं, हसत. मला हसू आलं नाही. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. आडनाव पाहून अर्ज बाजूला पडतात हे सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांच्या २००७ च्या अभ्यासाने आकड्यांत दाखवलंय. तो अभ्यास आपण भाषणात सांगतो, आणि काम द्यायची वेळ आली की आपणही मोठ्या ऑफिसची काच बघून भुलतो.

यात आमच्या संस्थेचंही पाप आहे, तेही सांगते. आमची जुनी वेबसाइट एका मुलाने चार हजारांत करून दिली होती. डोमेन त्याच्या ईमेलवर, होस्टिंग त्याच्या कार्डावर, पासवर्ड त्याच्या डोक्यात. वर्षभर आम्ही त्याला छळलं, मग तो नोकरीला परराज्यात गेला. रिन्यू करायची आठवण ईमेलने आली असणार, पण संस्थेत कुणाला? मुदत संपली, नंतरची सवलतीची मुदतही संपली, नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलं. शिबिरांचे फोटो आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती ज्या पत्त्यावर होत्या, तिथे आज सट्ट्याची जाहिरात दिसते. मुलाखत दिलेल्यांपैकी दोघे आता हयात नाहीत. दोष त्या मुलाचा नाही. वर्षाला हजार-दीड हजार रुपये कुणाच्या नावाने भरायचे, हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता.

'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडलं, 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये, आणि दोन्ही वेळा पैशाची चणचण होतीच. तरीही बाबासाहेबांनी आपला छापखाना उभा केला, कारण छापखाना दुसऱ्याचा असेल तर शब्दही त्याच्या मर्जीवर. जून २०१६ मध्ये दादरचं आंबेडकर भवन आणि तिथला बुद्ध भूषण छापखाना रातोरात पाडला गेला, तेव्हा आपण हजारोंनी मुंबईत रस्त्यावर उतरलो. योग्यच केलं. पण डोमेन हा आजचा छापखाना आहे, आणि तो आपण बुलडोझरशिवाय घालवतोय.

कायद्याचंही एक ध्यानात घ्या. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा होतो. फ्रीलान्सरचं तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, लेखी हस्तांतरण नसेल तर कोडचा हक्क साधारणपणे लिहिणाऱ्याकडेच राहतो. पैसे दिले म्हणजे सगळं आपलं झालं, हा गैरसमज. म्हणून एक पानाचा का होईना, मराठीत करार करा. किती पानं, किती वेळा बदल, सुरुवातीला किती रक्कम, उरलेली कधी, पुढची देखभाल महिन्याला किती. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या ईमेलवर, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे. यात अविश्वास कसला? उलट उद्या भांडण झालं तर या कागदाने पोरगाही वाचेल आणि संस्थाही.

काही तरुण म्हणतील, मला खरंच फुकट करायचंय, तो माझा दानधर्म आहे. जरूर करा. पण आधी बिल द्या, पैसे घ्या, मग हवे तर दान द्या आणि पावती घ्या. दान देणाऱ्याने ठरवायचं असतं, मागणाऱ्याने नाही. आणि घेतलेल्या पैशाला काम चोख हवं, हेही सांगते. "आपलाच आहे" म्हणून तारखा चुकवणारेही मी पाहिलेत.

त्या मुलाकडून मी कोटेशन मागवलं. अठ्ठावीस हजार, तीन हप्ते, सहा महिन्यांची देखभाल धरून. समितीतल्या दोघांनी "एवढे?" म्हणून कपाळाला आठ्या घातल्या. येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. मी कोटेशनसोबत डीजेचं बिलही घेऊन जाणार आहे.