एक अट गळाली तरी करार उरतो



मोठ्या नावाची पाटी लावून चहाचे, आइस्क्रीमचे दुकान किंवा कॉम्प्युटर क्लास काढायची हौस आता आपल्या वस्त्यांतही आली आहे. इंदोऱ्याचे पोर असो की रामेश्वरीचे, डिपॉझिटला बहुधा बापाचा प्रॉव्हिडंट फंडच जातो. म्हणून फ्रँचायझीच्या करारातले शेवटाकडचे एक बारीक कलम आज आम्ही समजावून सांगत आहोत. त्याचा भावार्थ असा : यातली एखादी अट बेकायदेशीर ठरली, तरी बाकीचा करार कायम राहील. वकील याला 'सेव्हरेबिलिटी' म्हणतात. खडा निवडून फेकायचा, तांदूळ ठेवायचे.

तत्त्व जुनेच आहे. आपल्या घटनेचे कलम १३ सांगते की, मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा जेवढा विसंगत, तेवढाच रद्द. १९५१ साली सुप्रीम कोर्टाने मुंबई दारूबंदी कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या, पण कायदा उभाच राहिला.

आता करार पाहू. 'करार संपल्यावर तीन वर्षे असा धंदा करायचा नाही', अशी अट पुष्कळ कंपन्या घालतात. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे ती सहसा टिकत नाही. हे कुणीतरी पानठेल्यावर सांगतो आणि आमचा तरुण समजतो की सारा करारच फुसका! तो रॉयल्टी थांबवतो. इथेच तो फसतो. गळते ती तेवढी एक अट. थकलेली रॉयल्टी, डिपॉझिटच्या अटी, पाटी उतरवण्याची जबाबदारी, हे सारे उरते. शिवाय करार चालू असताना दुसऱ्या कंपनीचा माल न घेण्याची अट चालते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९५ साली तसेच ठरवले.

लवादाचे कलम तर फारच चिवट. १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे मूळ करार रद्द ठरला तरी ते वेगळे जिवंत राहते. लवादाचे ठिकाण दिल्ली लिहिले असेल, तर नागपूरहून दिल्लीला खेटे घाला!

मात्र कंपनीने खोटी माहिती देऊन सही घेतली असेल, तर फसलेल्याला संपूर्ण करारच रद्द करून मागता येतो. तिथे हे बारीक कलम कंपनीला वाचवत नाही. पण खोटेपणा सिद्ध करावा लागतो. कमाईचे तोंडी वायदे लेखी मागावेत, ते यासाठीच.

सहीपूर्वी संशयास्पद अटींवर पेन्सिलीने काट मारा आणि उरलेला करार पुन्हा वाचा. इंग्रजी अडत असेल, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो. जातीचा दाखला आणि कराराचा मसुदा सोबत न्या.