कागदावरील दोन अक्ष

घरांतील मुलगा वा सून जहाजांच्या किंवा समुद्रांतील तेलविहिरींच्या धंद्यांत नोकरीस लागली, कीं 'पगार किती?' आणि 'फिरती किती?' हे दोन प्रश्न वडील मंडळी हटकून विचारतात. 'तुझ्या सहीनें परदेशीं काय जातें?' हा तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. तो विचारला जावा, असें आम्हांस वाटतें.

समुद्रविद्येंतील पुष्कळ साधनें दुहेरी उपयोगाचीं असतात. पाण्यांतील ध्वनि टिपणारें जें यंत्र समुद्रतळाखालील तेलाच्या शोधांत उपयोगीं पडतें, त्याच जातीचें यंत्र पाणबुडीचाही माग काढतें. म्हणून अशा वस्तु परवान्यावांचून बाहेर धाडूं नयेत, असे निर्बंध अनेक राष्ट्रांनीं घातले आहेत. आपल्या देशांतील यादीस 'स्कोमेट' म्हणतात. २०१७ सालीं भारत वासेनार व्यवस्थेंतही सामील झाला. या यादींत यंत्रांबरोबर तांत्रिक माहितीही येते. ई-मेलनें धाडलेला आराखडा हीही निर्यातच होय.

हा केवळ कारकुनी खटाटोप आहे, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं तोशिबा मशीन या जपानी कंपनीची हकीकत ध्यानांत घ्यावी. जहाजांचे पंखे कोरणारीं नऊ अक्षांचीं प्रचंड यंत्रें तिनें १९८३ च्या सुमारास सोव्हिएत रशियास पुरविलीं. त्यांची नियंत्रक सामुग्री नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीची होती. पंखा जितका नेमका कोरावा, तितका पाणबुडीचा आवाज कमी. असलीं यंत्रें तिकडे देण्यास मनाई असल्यामुळें परवान्याच्या अर्जांत 'दोन अक्षांचीं यंत्रें' असें लिहिलें गेलें! १९८५ च्या अखेरीस व्यवहारांतील एका व्यापारी पेढीच्या माणसानेंच पॅरिस येथील नियंत्रण समितीस पत्र लिहून तें उघडकीस आणलें. १९८७ सालीं गदारोळ झाला. अमेरिकेंत कायदेमंडळाच्या सभासदांनीं तोशिबाचा रेडिओ घणानें फोडला. मूळ तोशिबा कंपनीच्या अध्यक्षांस व कार्याध्यक्षांस पायउतार व्हावें लागलें. पुढें १९८८ सालीं दोन अधिकारी न्यायालयांत दोषी ठरले. त्या यंत्रांनींच पाणबुड्या शांत झाल्या कीं नाहीं, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. अर्ज खोटा होता, याविषयीं मात्र कोणाचाही मतभेद नाहीं.

नऊच्या जागीं दोन लिहिणारा हात बहुधा एखाद्या पगारदार गृहस्थाचाच असतो. वरिष्ठ सांगतात, गिऱ्हाईक खोळंबलेलें असतें, आणि घरचे हप्ते डोळ्यांपुढें असतात. अशा वेळीं 'नाहीं' म्हणण्याचें बळ एकट्या माणसास कोठून यावें? तें घरानें दिलें पाहिजे. नोकरी गेली तरी या घरांत तुझें पान मांडलेलें राहील, एवढें वडिलांनीं आधींच सांगून ठेवावें. वस्तु कोणती, ती वापरणार कोण, आणि कागदावर लिहिलें आहे तें खरें काय, हें सहीपूर्वीं तपासण्याचा धीर त्या एका वाक्यानें पुष्कळांस येईल.