ऊसतोडीच्या टोळीत तब्येतीचे कोण बघणार?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या भरून माणसे ऊसतोडीला निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, काही टोळ्या थेट कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने घर म्हणजे उसाच्या पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. तुमच्या घरातले कोणी या टोळीत जात असेल, किंवा नातवंडांना सांभाळत तुम्ही गावी मागे राहत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ऊसतोड कामगारांच्या आरोग्याबद्दल गेल्या काही वर्षांत समित्या बसल्या, नियम झाले, तपासण्या सुरू झाल्या. त्यातले काय कामाचे आहे, काय कागदावर राहिले आहे, आणि टोळीतल्याच माणसांनी पुढाकार घेतला तर काय बदलते, ते पाहू.

आधी एक गोष्ट डॉक्टरांच्या बाजूने सांगतो. दवाखान्यात आम्ही सहज म्हणतो, "उद्या उपाशीपोटी रक्त तपासायला या, परवा रिपोर्ट घेऊन भेटा." नोकरदार माणसासाठी ही दोन दिवसांची गैरसोय असते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल त्या जोडीच्या नावावर घेतलेली असते. बाई आजारी पडली की जोडी मोडते आणि 'खाडा' लागतो. एका दिवसाच्या खाड्याला पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त कापले जातात, शिवाय त्या दिवसाची तोड बुडते ती वेगळीच. म्हणजे आमची "उद्या-परवा या" ही चिठ्ठी हजार-दोन हजारांची पडते, औषधांचा खर्च सोडून. मग अंगावर काढणे हेच शहाणपणाचे वाटू लागते. "हे लोक दुखणे अंगावर काढतात" अशी तक्रार करणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

याच हिशेबातून पिशवी काढण्याचा प्रश्न वाढला. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या आणि राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. शंभरात सुमारे सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असल्यामुळे अगदी काट्यावर तुलना करू नये, पण फरक किती मोठा आहे ते दिसतेच. २०२५ च्या जूनमध्ये बीडच्या आरोग्य तपासणीतले आकडे पुन्हा बातम्यांत आले, तेव्हा पिशवी काढलेल्या ८४३ बायकांपैकी ४७७ जणी तिशी ते पस्तिशीतल्या होत्या.

याचे खापर फक्त पैसेखाऊ डॉक्टरांवर फोडणे सोपे आहे. तसे डॉक्टर आहेतच. पण एकदा साखळी पाहा. मुलीचे लग्न लवकर होते, कारण ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांना तिला गावी एकटी ठेवणे धोक्याचे वाटते आणि लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. विशीच्या आत बाळंतपण, बाविशी-पंचविशीत दोन-तीन मुले आणि कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन. त्यानंतर फडात मोळ्या उचलणे, आडोसा नसल्यामुळे लघवी दाबून ठेवणे, पाणी कमी पिणे, पाळीतले कापड धुवायला आणि वाळवायला जागा नसणे. यातून जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट आणि कंबर दुखते. मग कोणीतरी सांगते, "पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल." मुले तर झालेली आहेत, पाळीचा त्रास कायमचा जाईल, खाडे टळतील. ऑपरेशनला लागणारे पैसे कित्येकदा पुढच्या हंगामाच्या उचलीतूनच घेतले जातात. मुकादमांनीच दबाव आणला, असे काही बायकांनी सांगितले आणि मुकादमांनी ते नाकारले. मला वाटते, उघड दबावाची गरजच पडत नाही. खाडा तेवढा लावला की बाकीचे आपोआप घडते.

पिशवी काढायला सांगितली तर

अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पिशवीच्या तोंडाला लाली किंवा सूज असणे यातल्या कुठल्याही एका कारणासाठी सरसकट पिशवी काढत नाहीत. यातला बहुतेक त्रास जंतुसंसर्गाचा असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. अनेकदा नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर संसर्ग परत होतो. पाळीत फार रक्त जात असेल तर त्यावर गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी तांबी आहे. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची भीती असेल तर आधी तपासणी करायची असते. पॅप स्मिअर किंवा व्हिनेगरसारखे द्रव लावून केलेली तपासणी काही मिनिटांत होते, दुखत नाही, आणि अनेक सरकारी दवाखान्यांत मोफत आहे. "कॅन्सर होऊ नये म्हणून पिशवी काढून टाका" हा सल्ला कोणी एकट्या सोनोग्राफीच्या कागदावर दिला, तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.

कधी कधी पिशवी काढणे खरोखर गरजेचे असते. कॅन्सर, औषधाने न आवरणारा रक्तस्राव, त्रास देणाऱ्या मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे, अशी कारणे असतात. तेव्हा डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: अंडाशय ठेवणार की काढणार? तरुण वयात दोन्ही अंडाशय काढली तर पाळी जाण्याचे बदल एकदम सुरू होतात. अंगातून वाफा येणे, झोप उडणे, सांधे धरणे. पुढे हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकाराचा धोका वाढणे. अंडाशये ठेवली तरी ती थोडी लवकर थकण्याची शक्यता असते. ज्या बाईला पुढची वीस वर्षे डोक्यावर मोळी वाहायची आहे, तिची हाडे तिशीतच कमकुवत करणे म्हणजे खाडे टाळण्यासाठी आयुष्यभराचे खाडे विकत घेणे आहे. तुमची पिशवी आधीच काढलेली असेल तर घाबरू नका. पण पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना ऑपरेशनचा कागद न्या, अंडाशये आहेत की नाहीत ते विचारून घ्या आणि कॅल्शियम, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांची तपासणी चालू ठेवा.

नियम झाले, पुढे काय?

बीडमध्ये २०१९ नंतर खाजगी रुग्णालयात पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समित्याही आहेत. हंगामाला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर आरोग्य तपासणीही होऊ लागली. हे सगळे चांगलेच आहे. पण परवानगी आणि तपासणी दोन्ही गावाकडे होतात, आणि दुखणे सुरू होते फडात. परवानगीचा कागद बाईला शस्त्रक्रियेपासून वाचवू शकतो. ज्या त्रासामुळे ती शस्त्रक्रियेपर्यंत पोचते, तो त्या कागदाने कमी होत नाही.

फडात आरोग्यव्यवस्था तिला ओळखत नाही, हा खरा पेच आहे. तिच्या गावची आशाताई तिला नावाने ओळखते, पण ती दोन-तीनशे किलोमीटर मागे राहिलेली असते. कारखान्याजवळच्या गावातल्या आशाताईच्या यादीत ही कोपीतली बाई नसते, आणि आज इथे असलेला तळ पंधरा दिवसांनी दुसऱ्या शिवारात गेलेला असतो. पल्स पोलिओच्या वेळी मात्र वीटभट्ट्या आणि ऊसतोडीचे तळ जोखमीच्या वस्त्या म्हणून मुद्दाम शोधले जातात. म्हणजे मनावर घेतले तर आरोग्य खात्याला कोप्या सापडतात.

म्हणूनच टोळीबरोबर चालणारे माणूस हवे. मनीषा टोकले यांच्यासारख्या बीडच्या कार्यकर्त्या आणि महिला किसान अधिकार मंच म्हणजे 'मकाम' यांनी ऊसतोड बायकांना संघटित करताना हा मुद्दा लावून धरला, की या बाईची कामगार म्हणून स्वतंत्र नोंद व्हावी. ती नवऱ्याच्या कोयत्याचा अर्धा भाग नाही. ओळखपत्र तिच्या नावाचे असेल, तर तपासणीही तिच्या नावाची होते. बीड जिल्ह्यात अलीकडे टोळीतल्याच एका बाईला प्राथमिक प्रशिक्षण आणि औषधांची पेटी देऊन 'आरोग्य साथी' म्हणून पाठवायला सुरुवात झाली आहे. ताप, जुलाब, जखम यावर पहिला उपचार, गरोदर बाईला दवाखान्यापर्यंत पोचवणे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना ते बघणे, अशी कामे ती करू शकते. पाळीबद्दल बाई तिच्याशी बोलेल; तेच ती मुकादमाशी बोलणार नाही.

ही कल्पना आपल्याकडेच निघाली असे नाही. मेक्सिकोहून अमेरिकेत गेलेल्या शेतमजुरांमध्ये 'प्रोमोतोरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका कित्येक वर्षे असेच काम करतात. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांत रोहिंग्या निर्वासितांमधलेच स्वयंसेवक घरोघरी जाऊन लसीकरणाची आणि बाळंतपणाची माहिती देतात. तिथे छावणीच्या प्रत्येक भागावर 'माझी' नावाचा पुढारी नेमलेला असतो. कोण माणूस कुठे राहतो, हे त्याला ठाऊक असते; मदत पोचवायला तो लागतो आणि मदत अडवण्याची ताकदही त्याच्याचकडे असते. आपल्या मुकादमाशी हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

कारण टोळीचा पुढारी आजही मुकादमच आहे. गाडी त्याची, कारखान्याशी बोलणे त्याचे, फोन त्याच्याकडे. रात्री-बेरात्री कळा सुरू झालेल्या बाईला दवाखान्यात नेणारे मुकादमही असतात, हे मान्य करायला हवे. आरोग्य साथीच्या हातात पेटी दिली, पण तिलाही दवाखान्यात कोणाबरोबर गेल्याबद्दल खाडा लागला, तर ती दोनदा जाईल, तिसऱ्यांदा जाणार नाही. माझ्या मते प्रशिक्षणाइतकीच, किंबहुना त्याहून आधी, तिच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई हवी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, आणि त्याच्या निधीसाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरले आहे. त्या पैशातून दवाखान्याचे खाडे भरून निघाले, तर मुकादमालाही आडवे येण्याचे कारण उरणार नाही.

निघण्यापूर्वी घरात हे बघा

गरोदर बाई जात असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याजवळच हवे, गावी पेटीत नको. सरकारी दवाखान्यात बाळंतपण कुठल्याही जिल्ह्यात मोफत आहे. "तुम्ही इथले नाही" असे म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. सातवा महिना लागला असेल तर तिने जाऊच नये, असे मी डॉक्टर म्हणून सांगेन. उचल घेतलेली असताना हे ऐकणे किती कठीण असते, याची कल्पना आहे. निदान जड मोळी तिच्या डोक्यावर देऊ नका आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवा. डोके खूप दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, यातले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करा आणि फडाजवळच्या गावाचे नाव सांगा. हे नाव टोळीतल्या प्रत्येकाला पाठ हवे.

क्षयरोगाची औषधे चालू असतील तर निघण्यापूर्वी केंद्रावर सांगा आणि निक्षय क्रमांक लिहून घ्या. त्यावर नव्या ठिकाणीही औषधे मिळतात. मध्येच सोडली तर पुढचा आजार जास्त चिवट होतो. बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि रिकामे पाकीट सोबत ठेवा. मुलांचे लसीकरणाचे कार्ड, ते बरोबर जाणार असोत की आजीजवळ राहणार असोत, मुलांसोबतच राहू द्या. फडात पाणी पिणे कमी करू नका. लघवीला आडोसा म्हणून दोन जुन्या साड्या आणि चार काठ्या पुरतात, आणि ते काम पुरुषांनी तळ पडला त्याच दिवशी करायला हरकत नाही.

आणि मुकादमाशी बोलणी होतात ती पावसाळ्यात, उचल हातात पडण्यापूर्वी. त्या वेळी तीन-चार जोड्यांनी मिळून एक गोष्ट मागा: दवाखान्याचा कागद दाखवला तर खाडा नाही. एकट्याने मागितले तर तो हसेल. सगळी टोळी म्हणाली तर त्यालाही टोळी भरायची असते.