पांढरा कोट आणि पोकळ प्रमाणपत्र
बारावीचा निकाल लागला की ग्रामीण महाराष्ट्रातील एस.टी. स्थानकांच्या भिंतींवर ‘पॅरामेडिकल’च्या जाहिराती दिसू लागतात. सहा महिन्यांत अभ्यासक्रम, नोकरीची हमी, वर पांढऱ्या कोटातील हसरी तरुणी. उसाच्या बिलातून शुल्क भरले जाते. पुढे ती मुलगी मुलाखतीला जाते, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारला जातो आणि तो तिच्याजवळ नसतो.

यात मुलांचा दोष नाही. रुग्णसेवेत हातांची निकड खरीच आहे. परंतु कोणत्या शिक्षणाने कोणते काम करता येते, हे घराघरांत ठाऊक नाही. रुग्णसाहाय्यकाचे काही महिन्यांचे प्रशिक्षण खोटे नव्हे; रुग्णाला उठविणे-बसविणे, स्वच्छता राखणे ही कामे त्यातून येतात. मात्र त्यातून कोणी परिचारिका होत नाही. ए.एन.एम.ला दोन वर्षे लागतात, जी.एन.एम.ला तीन, आणि दोन्हींना परिचर्या परिषदेची नोंदणी अनिवार्य आहे. तंत्रज्ञ व तत्सम व्यवसायांसाठी संसदेने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी त्यात किमान दोन हजार तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले शिक्षण सांगितले आहे. सहा महिन्यांत तंत्रज्ञ करून देणाऱ्याने हे तास कोठून आणले, असे पालकांनी खुशाल विचारावे.

या विषयात दक्षिण महाराष्ट्राला परंपरा आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय काढले आणि १८९७ साली वैद्यकीय सहायक घडविणारी शाळाही सुरू केली. मिशनऱ्यांच्या धर्मांतराला हिंदुत्वनिष्ठांचा विरोध आहे व राहील. पण रुग्णालयापाठोपाठ माणसे घडविण्याची सोय करावी, हे त्यांना उमगले होते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. हिंदू समाजही तेव्हा अगदी निद्रिस्त नव्हता. रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन स्थापन केले आणि तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण मिळवून दिले. परक्या रुग्णाच्या अंगाला हात लावणे हे कुलीन स्त्रीला न शोभणारे काम मानणारा तो काळ! लोकनिंदेला त्या बधल्या नाहीत.

ती निंदा आज उघड होत नाही, एवढेच. मुलगा डॉक्टर झाला तर पेढे वाटणारे घर, मुलगा शस्त्रक्रियागृहात साहाय्यक झाला तर ‘दवाखान्यात कामाला आहे’ एवढेच सांगते. सेवेचे गोडवे गाणाऱ्या घरांतही हे घडते, म्हणून ते अधिक बोचते.

वारणा खोऱ्यातील कोडोलीचे उदाहरण घ्यावे. गावात आयुर्वेद महाविद्यालय आहे, मिशनचे जुने रुग्णालय आहे, शेजारी वारणानगरचे शिक्षणसंकुल आणि आवाक्यात कोल्हापूरचे सी.पी.आर. रुग्णालय. शिकण्याच्या जागा दूर नाहीत. त्यांच्यापर्यंत नेणारा जाणता माणूस हवा. कार्यकर्त्यांनी प्रवेशाच्या दिवसांत दोन संध्याकाळी यासाठी राखून ठेवाव्यात. गावातील एखादे डॉक्टर आणि निवृत्त परिचारिका यांना सोबत घेऊन पालकांची बैठक बोलवावी. संस्थेला मान्यता कोणाची, प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात व किती खाटांवर, नोंदणी कोणत्या परिषदेत, याची उत्तरे संस्थेकडून लेखी मागवावीत. उत्तर येईपर्यंत शुल्काचा पहिला हप्ता भरू नये.